अगदी कोकणासारखं

श्रीरंग दामले या माणसाला अमेरिकेत वॉशिंग्टनजवळच्या हर्नडनमधलं प्रत्येक मराठी घर ओळखतं, आणि त्यात त्याच्या कर्तबगारीचा काही भाग नाही. माणूस सगळीकडे असतो, एवढंच. मंडळाच्या गणपतीत माइक याच्या हातात. कुणी नवीन घर घेतलं आणि पूजेला बोलावलं, तर गुरुजींनी आचमन करायच्या आत हा बेसमेंटमध्ये जाऊन भिंतीला ओल कुठे येणार ते सांगून येणार. कुणाला नोकरी लागली की त्या कंपनीचं पुढे कसं काही खरं नाही, हेही त्याला आधीपासून ठाऊक असतं. स्वतः डेटाबेस सांभाळतो, टोल रोडच्या कडेला ज्या काचेच्या इमारती आहेत त्यांतल्या एकीत. काम बरं करत असावा, कारण अजून कुणी काढलेलं नाही.

मी वसुधा. मी या गावात आले तेव्हा आत्ता जिथे इंडियन ग्रोसरीचं दुकान आहे तिथे गायी चरत होत्या. नवरा गेल्यापासून एकटी राहते. समोरच्या टाउनहाउसमध्ये दामले जोडपं, श्रीरंग आणि उत्तरा, दोघंच. त्यामुळे कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेलं की श्रीरंगचं व्याख्यान ऐकणं हे माझ्या नशिबी आलेलं आहे. वसुधाकाकू, तुम्ही रिसायकलिंग चुकीचं करताय. वसुधाकाकू, तुमच्या गाडीचा टायर बसलाय. एकदा टायर खरंच बसला होता, म्हणून मला जास्तच राग आला.

उत्तरा मात्र सोन्यासारखी पोर. पालशेतची, गुहागरच्या जवळची. वडील लवकर गेले, आईने सुपारीच्या बागेवर दोन मुलं वाढवली. थोरला भाऊ तिथेच बाग बघतो. उत्तरा लग्न होऊन अमेरिकेत आली ती आलीच, परत गेली नाही. आणि गेल्या दिवाळीत तिची आई अंगणात घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून ती अंथरुणाला खिळलेली आहे. दर रविवारी उत्तरा कॉलिंग कार्डाचे आकडे दाबून भावाला फोन लावायची, आणि भाऊ दर रविवारी तेच सांगायचा, आई विचारते, उत्तू कधी येते. फोन ठेवला की ही माझ्याकडे यायची. माझी कोथिंबीर निवडून द्यायची आणि जायची.

का जात नव्हती, तर श्रीरंगची 'प्रोसेस' चालू होती. ग्रीन कार्डाची. हा शब्द त्या घरात देवासारखा बसवलेला होता. घर मोठं घेऊ या? प्रोसेस होऊ दे. उत्तराने काही कोर्स करावा? प्रोसेस होऊ दे. भारतात जाऊन यायचं? प्रोसेस चालू असताना देश सोडायचा नसतो, काकू, तुम्हाला कल्पना नाही. मला कल्पना नाही! माझा पासपोर्ट अमेरिकेचा निळा होऊन याच्या शाळेइतकी वर्षं झाली. अहो, त्याच्या स्वतःच्या वकिलाने उत्तरासाठी जाण्यायेण्याच्या परवानगीचा कागद रीतसर मागवून दिला होता. असा कागद घेऊन अर्धं हर्नडन दर डिसेंबरात पुण्यामुंबईला जातं, लग्नं लावतं, साड्या आणतं आणि परत येतं. पण श्रीरंगचं म्हणणं, रिस्क कशाला? रिस्क कुणाची, ते तो सांगत नसे. आई कुणाची मरत होती, तेही त्याच्या लक्षात राहत नसे.

मार्च महिन्यात एक दिवस त्याने जाहीर केलं की आपण सेंट जॉनला जातोय. यू. एस. व्हर्जिन आयलंड्समधलं बेट. कॅरिबियन समुद्र, ज्वालामुखीतून वर आलेले डोंगर, गर्द झाडी, पांढरे बीच, आणि मुख्य म्हणजे अमेरिकेचंच. देश सोडायलाच नको, प्रोसेसला धक्का नाही. व्हिलाला तीन खोल्या आहेत म्हणून काकू तुम्हीही चला. हे सगळं सांगून झाल्यावर तो उत्तराकडे वळला आणि मोठ्या उदारपणे म्हणाला, "तुला सारखं कोकण कोकण हवं असतं ना? चल, दाखवतो. ते बेट म्हणजे अगदी कोकणासारखं आहे. मी फोटो बघितलेत."

माझ्या हातात तेव्हा आमटीचा डाव होता. तो मी खाली ठेवला, एवढंच माझं पुण्य.

आता या गृहस्थाचा आणि कोकणाचा संबंध किती, तेही ऐका. हा वाढला पुण्यात, पेठेत. कोकणात एकदाच गेला, उत्तराला बघायला. सकाळच्या एसटीने उतरला, कांदेपोहे खाल्ले, पालशेतच्या घरात कमोड नाही हे कळल्यावर तोंड वाकडं केलं आणि संध्याकाळच्या गाडीने परत. लग्नही पुण्यात लावायला लावलं, त्याच कारणासाठी. म्हणजे याचं कोकण ते एवढं, पोटात कळ घेऊन काढलेली एक दुपार. पण हर्नडनला आल्यापासून जिथे म्हणून चार झाडं आणि थोडं पाणी दिसेल तिथे हा कमरेवर हात ठेवून म्हणणार, अगदी कोकणासारखं. शेनंडोआच्या डोंगरात म्हणाला. ओशन सिटीच्या किनाऱ्यावर, फनेल केक खाताना म्हणाला. एकदा तर रेस्टनमधल्या कृत्रिम तळ्याकाठी म्हणाला, तेव्हा उत्तरा पाठ फिरवून बदकांना पाव घालत राहिली.

मी जायला तयार झाले ती उत्तरासाठी. आणि निघायच्या आदल्या आठवड्यात त्याला सांगितलं की बाबा, पासपोर्ट घे. आमचे हे असताना आम्ही त्या बेटांवर गेलो होतो. जाताना कुणी विचारत नाही, पण परत येताना विमानतळावर सगळ्यांचे कागद बघतात. श्रीरंग हसला. ते त्याचं खास हसू आहे, नाकातून येतं. "काकू, डोमेस्टिक फ्लाइट आहे. डोमेस्टिकला कुणी पासपोर्ट नेतं का? तुमचे दिवस वेगळे होते." त्याचा पासपोर्ट बँकेच्या लॉकरमध्ये असतो, कारण घरात आग लागू शकते. त्याच्या वकिलाचे सगळे कागदही तिथेच. त्या लॉकरवर नावं दोनच, त्याचं आणि उत्तराचं, कारण दुसऱ्या कुणावर विश्वास नाही.

उत्तराचा पासपोर्ट मात्र नुकताच वॉशिंग्टनच्या आपल्या एम्बसीतून रिन्यू होऊन आला होता आणि स्वैपाकघरात, गोड्या मसाल्याच्या डब्याच्या खणात पडला होता. तिचा परवानगीचा कागदही तिथेच. मी तिला म्हटलं, तो शहाणा काय करायचं ते करू दे, तू तुझं सगळं पर्समध्ये टाक. तिने मान हलवली आणि टाकलं.

बेट सुंदर आहे. हे कबूल केलंच पाहिजे, बेटाचा काही दोष नाही. सेंट थॉमसला विमान उतरतं, तिथून फेरीने पलीकडे. पाणी असं निळं की डोळे दिपतात, आणि डोंगर थेट त्या पाण्यातून उठलेले, वरपासून खालपर्यंत हिरवे. रस्ते नागमोडी आणि इतके चढाचे की जीप मागे घसरेल असं वाटतं. गाड्या डाव्या बाजूने चालवतात. हे कळल्यावर श्रीरंगला शिंगं फुटली. इंडियन ड्रायव्हिंग आपल्या रक्तात आहे म्हणाला आणि पहिल्याच वळणावर उजवीकडून एका ट्रकच्या अंगावर गेला. ट्रकवाल्याने शिवी नाही दिली, फक्त आमच्याकडे दया आल्यासारखं बघितलं. पुढच्या वळणावर रस्त्यात गाढवं उभी होती. तिथे ती मोकळी फिरतात. श्रीरंग म्हणाला, अगदी कोकणासारखं. उत्तरा हळूच म्हणाली की पालशेतला तिने जन्मात गाढव बघितलेलं नाही.

तीन दिवस हे चाललं. नारळ दिसला, कोकण. चिंच दिसली, कोकण. गुलमोहोर, चाफा, खडकावरचा खेकडा, कुणाच्या दारातली कोंबडी, सगळं कोकण. बीचवर हा टीशर्ट घालून, डोक्यावर टॉवेल टाकून, गुडघाभर पाण्यात उभा. तिथे पाण्याखाली प्रवाळ आहे, रंगीत मासे आहेत, लोक तोंडाला नळ्या लावून तास तास बघत होते. हा तिथून ओरडून सांगतोय की मासे आपल्याकडे जास्त चांगले मिळतात. म्हणजे ताटात. आणि मासे खात नाही तो स्वतः!

एका सकाळी पार्कच्या रेंजरबाई माणसं गोळा करून बेटाची माहिती सांगत होत्या. श्रीरंग पुढे घुसला आणि विचारलं, ज्वालामुखी कुठे आहे? त्या म्हणाल्या, तुम्ही उभे आहात तोच. समुद्राच्या तळाशी कोट्यवधी वर्षांपूर्वी फुटला, साचत गेला, वर आला. हा म्हणाला, पण खड्डा? धूर? लाव्हा? त्यांनी नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा फसवल्या गेलेल्या गिऱ्हाइकासारखा झाला. दिवसभर कुरकुरत होता की वेबसाइटवर व्होल्कॅनिक लिहिलंय, दाखवायला काहीच नाही. उत्तरा खाली वाकून माती चिमटीत घेऊन बघत होती. मला म्हणाली, काकू, जांभा नाही इथे. पालशेतला पाय धुतले तरी टाचा लाल राहतात.

परत येताना वाटेत एक मुंगूस आडवं गेलं. उत्तराने आनंदाने हात जोडले, लहानपणी आम्ही सगळ्याच जोडायचो आणि तोंड दाखव म्हणून विनवायचो. पुढे एका पाटीवर लिहिलं होतं की ऊसमळ्यातले उंदीर खायला म्हणून मुंगसं इकडे आणली, मूळची हिंदुस्थानातली. श्रीरंगने ते आम्हाला मोठ्याने वाचून दाखवलं, जणू आम्ही निरक्षर. उत्तरा त्या झुडपाकडे बघत राहिली. तिला बिचारीला त्या मुंगसाची दया आली होती, आणि मला तिची.

शुक्रवारी दुपारी तिने व्हिलातून भावाला फोन लावला. मी समोरच बसले होते. ती फक्त हं, हं म्हणत होती, आणि मग तिने भिंतीला हात टेकला. आईने जेवण सोडलं होतं. दोन चमचे पेज जेमतेम जात होती. भावाने या वेळी विचारलं नाही, सांगितलं, उत्तू, यायचं असेल तर आत्ता ये, नंतर येऊन मग मला काही विचारू नको.

श्रीरंग बाल्कनीत क्रीम फासत होता. तिने जाऊन त्याला सांगितलं. त्याने क्रीमची बाटली खाली ठेवली, तेवढं त्याच्या नावावर मांडते. मग म्हणाला, बघू, परत गेल्यावर वकिलाला ईमेल टाकतो, आत्ता प्रोसेस नाजूक स्टेजला आहे. आणि त्याच दमात, हो, त्याच दमात, आज सनसेट चुकवू नका म्हणाला, इथला सनसेट अगदी कोकणासारखा असतो. मी आत गेले आणि नळ सोडून तोंड धुतलं, कारण बाहेर थांबले असते तर माझ्या तोंडून जे गेलं असतं ते सगळ्या बेटाने ऐकलं असतं. उत्तराने संध्याकाळचा भात लावला. सनसेटला कुणी गेलं नाही, तो एकटा गेला आणि फोटो काढून आला.

शनिवारी आम्ही परत निघालो. सेंट थॉमसच्या विमानतळावर रांग लागली होती आणि रांगेच्या टोकाला गणवेशातला अधिकारी बसलेला. मी माझा निळा पासपोर्ट दाखवला, त्याने हात हलवला. उत्तराने पर्समधून पासपोर्ट आणि कागद काढले. त्याने पानं उलटली, एक प्रश्न विचारला, परत दिले. मग श्रीरंग. त्याने ड्रायव्हर्स लायसन्स पुढे केलं. अधिकाऱ्याने विचारलं, तुम्ही सिटिझन आहात का. नाही. मग पासपोर्ट? याने लायसन्सच्या शेजारी ऑफिसचा बॅज ठेवला, गळ्यात घालायचा, फोटोवाला. तेही चालेना, तेव्हा हा त्या माणसाला समजावून सांगायला लागला की हे बेट अमेरिकेचा भाग आहे आणि म्हणून ही डोमेस्टिक फ्लाइट आहे. तो अधिकारी तिथलाच होता, जन्माने. शांतपणे म्हणाला की आपण कुठे आहोत ते त्याला माहीत आहे.

श्रीरंगला बाजूच्या बाकावर बसवलं. वागायला सगळे अगदी सभ्य होते. फोनाफोनी झाली, संगणकावर काहीतरी बघितलं, आणि शेवटी सांगितलं की कागद मागवून घ्या, ते आले की जा. आमचं विमान सुटायची वेळ होत आली. श्रीरंगने पहिला फोन अमितला लावला, मंडळाच्या खजिनदाराला. अमितने बिचाऱ्याने लगेच विचारलं, कुठून आणू? तेव्हा कुठे याच्या डोक्यात उजेड पडला. कागद लॉकरमध्ये. शनिवार. बँक बंद. आणि लॉकर उघडू शकणारं दुसरं माणूस जगात एकच, ते समोर पर्स छातीशी धरून उभं होतं.

"मी जाते आणि उघडते," उत्तरा म्हणाली.

त्याचा जीव भांड्यात पडला. लगेच हुकूम सुरू झाले. सोमवारी दारात उभी राहा, ओव्हरनाइट कुरिअर कर, ट्रॅकिंग नंबर मला फोनवर सांग, आणि किल्ली माझ्या टेबलाच्या डाव्या खणात आहे. ती ऐकत होती. तिचं ऐकून झालं तेव्हा ती म्हणाली, "सोमवारी बँक उघडली की पाठवते. आणि मंगळवारी मी पालशेतला जाते."

श्रीरंगला कळलंच नाही. मग कळलं. आत्ता? मी इथे अडकलोय आणि तू? अगं, प्रोसेसचं काय? त्याचा आवाज चढला, बाकावरची माणसं बघायला लागली. वर्षानुवर्षं असा आवाज चढला की ती गप्प होऊन आत जायची. मी ते माझ्या खिडकीतून बघितलेलं आहे. आज तिला आत जायला जागाच नव्हती. मला वाटलं, आता ही परत मान हलवते की काय. मी मनात देवाचं नाव घेतलं, खोटं नाही सांगत.

"परवानगीचा कागद माझ्याकडे आहे," ती म्हणाली. "त्याने काही बिघडलं तर बिघडू दे. माझी आई चाललीय, अहो. तुमचे कागद येईपर्यंत तुम्ही इथे राहा. अगदी कोकणासारखं आहे."

आणि ती वळून विमानाकडे चालू लागली. मी मागे वळून बघितलं. बघायचं नव्हतं, पण एवढं सुख कोण सोडतं? श्रीरंग उघड्या तोंडाने, ऑफिसचा बॅज गळ्यात घालून बसला होता.

विमानात ती आमच्या डलस विमानतळापर्यंत रडली, अगदी हुंदके देऊन. मी तिचा हात धरून बसले. सोमवारी तिने कागद पाठवले, शब्दाप्रमाणे. मंगळवारचं तिकीट मी काढलं होतं. विमानतळावर मीच सोडायला गेले. जाताना तिने कोथिंबिरीची जुडी फ्रीजमध्ये ठेवलीय म्हणून सांगितलं.

श्रीरंग गुरुवारी आला, नाकाची सालं निघालेली. रविवारी मंडळाच्या मीटिंगमध्ये त्याने सगळ्यांना सांगितलं की मीच तिला म्हटलं, जा, आई एकदाच असते. प्रोसेस काय, होत राहील. लोकांनी माना डोलावल्या. अमित माझ्याकडे बघत होता, मी छताकडे. असल्या माणसाचं खोटं खोडून काढण्यात कुणी वेळ घालवू नये असं माझं मत आहे. तेवढ्या वेळात निदान चहा तरी होतो.

त्यानंतर काही दिवसांनी उत्तराचा फोन आला, मला, त्याला नव्हे. आवाज बसलेला होता. आईने तिला ओळखलं होतं. पहिला प्रश्न विचारला, जेवलीस का. त्यानंतर आई चार दिवस होती. उत्तराच्या हातून रोज दोन चमचे पेज घेत होती, आणि शेवटच्या दिवशी तिचा हात धरूनच गेली. मागे कुणीतरी विहिरीवर पाणी ओढत होतं, रहाटाचा आवाज फोनवर येत होता.

मग ती म्हणाली, "काकू, इथलं काही म्हणजे काहीच त्या बेटासारखं नाहीये."

संध्याकाळी कचऱ्याचा डबा ठेवताना श्रीरंग समोर आला. सासू गेल्याचं त्याला उत्तराच्या भावाने कळवलं होतं. उत्तरा काय म्हणाली, त्याने विचारलं. मी त्याला तिचं ते वाक्य सांगितलं, शब्द न् शब्द.

"म्हणजे काय?" श्रीरंग म्हणाला.